गणेशखिंडीतले शेवटचे पाच तास

22 जून 1897, मंगळवार. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून साम्राज्यभर हीरकमहोत्सव चालला होता. पुण्यातला मुख्य सोहळा गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसवर होता. आज त्या इमारतीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे निमंत्रित साहेबलोकांच्या गाड्या संध्याकाळपासून येऊ लागल्या. त्यांत पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँडही होता.

त्या रात्री दोन गोळ्या सुटल्या. त्यांचा हिशेब आपण शाळेपासून शौर्यकथेच्या रूपात ऐकत आलो आहोत, आणि नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या ‘22 जून 1897’ या चित्रपटाने तो पडद्यावरही आणला. मला त्यातली एक बाजू नीट सांगायची आहे. ती शस्त्राच्या कायद्याची. त्या काळी मुंबई कायदे कौन्सिलात एक सनातनी वळणाचा सभासद बसत होता. शस्त्रं कुणाच्या हातात असावीत आणि कुणी ठरवावं, हा प्रश्न तो अनेक वर्षं मांडत आला होता. त्याचं नाव बाळ गंगाधर टिळक. गणेशखिंडीत पिस्तुलं घेऊन उभी असलेली मुलं त्याच्याच शहरातली होती.

पाच तास उरले

सात-साडेसातची वेळ. सूर्य बुडून अंधार पडू लागला होता. दामोदर आणि बाळकृष्ण हरी चापेकर गव्हर्नमेंट हाउसजवळ पोचले. दामोदर सत्तावीस वर्षांचा, बाळकृष्ण त्याच्याहून चार वर्षांनी लहान. चिंचवडच्या हरी विनायक चापेकर या कीर्तनकाराची ही मुलं. दोघांकडे एकेक पिस्तूल आणि एकेक तलवार होती. बाळकृष्णाकडे शिवाय एक कुऱ्हाड. येताना वाटेत रँडची वाटावी अशी एक गाडी त्यांना दिसली. खात्री पटेना, म्हणून त्यांनी ती जाऊ दिली. परतीच्या वाटेवर गाठायचं ठरलं. जागा आधीच हेरलेली होती: गणेशखिंड रस्त्यावरचा पिवळा बंगला.

अंगावरच्या त्या तलवारी आणि पिस्तुलं, हा त्या क्षणालाच गुन्हा होता. मार्च 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनने शस्त्रांचा कायदा आणला. त्याच महिन्यात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनने 1882 मध्ये रद्द केला, शस्त्रांचा तसाच राहिला. त्यात शस्त्र म्हणजे नुसती बंदूक नव्हती. तलवार, कट्यार, भाला, धनुष्यबाण हे सगळं त्यात आलं. विनापरवाना शस्त्र बाळगलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि लपवून बाळगलं तर सात वर्षांपर्यंत. सगळ्यांत बोचणारी गोष्ट नियमांत होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना या बंधनातून सूट होती. हिंदी माणसाला अर्ज करावा लागे, दरवर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा दारात उभं राहावं लागे, आणि साहेबाच्या मनात आलं की परवाना जाई. त्या रात्री गव्हर्नमेंट हाउसच्या आत जमलेल्यांपैकी एखाद्या गोऱ्या पाहुण्याच्या कोटात रिव्हॉल्व्हर असता तर त्याला कुणी कागद विचारला नसता.

कायदा आला, आणि वर्षभरातच वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना बरोबर घेऊन पुणे जिल्ह्यात बंड उभारलं. म्हणजे कायद्याने बंड थांबलं नाही. त्याने काय थांबवलं, ते पुढे येतंच.

चार तास उरले

गर्दी वाढू लागली. रोषणाई पाहायला शहरातून माणसं लोटली होती. टेकड्यांवर होळ्या पेटवल्या होत्या. एवढ्या उजेडात आणि एवढ्या माणसांत तलवार आणि कुऱ्हाड घेऊन वावरणं शक्य नव्हतं. भावांनी ती हत्यारं पिवळ्या बंगल्याजवळच्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली. वेळ पडली तर काढायची. आता अंगावर फक्त पिस्तुलं.

हाच कायदा शहराबाहेरच्या शेतकऱ्यालाही लागू होता. पुणे शहरापासून सिंहगडाच्या वाटेवर निघालं की तेव्हा धायरी, नांदेड, खडकवासला ही शेतीची गावं लागत. आज धायरी फाट्यावर दुतर्फा इमारती आहेत, आणि टिळक सिंहगडावरच्या आपल्या बंगल्याकडे जात तेव्हा हा भाग कसा असेल हे डोळ्यांपुढे आणायला प्रयत्न करावा लागतो. ज्वारी, हरभरा, डोंगराच्या कडेला गुरं. डोंगरउतारावरच्या अशा गावाला रात्री दोन भीती: उभ्या पिकात रानडुक्कर, आणि गोठ्याजवळ बिबट्या. घराच्या आढ्याला लावलेली ठासणीची बंदूक ही अशा शेतकऱ्याच्या राखणीची वस्तू. 1878 नंतर ती ठेवायची तर मामलेदार, फौजदार, कलेक्टर अशी पायपीट आली. ज्याला पायपीट जमली नाही, त्याने बंदूक सरकारजमा केली. कट रचणारा मात्र कलेक्टरकडे अर्ज घेऊन जातच नाही. चिंचवडच्या कीर्तनकाराच्या मुलांना पिस्तुलाचा परवाना कोण देणार होतं? आणि तरी पिस्तुलं त्यांच्या कमरेला होती.

काँग्रेसने हा विषय 1887 च्या मद्रास अधिवेशनात घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं सोडला नाही. ठरावातली मागणी वाचली की तिचं साधेपण लक्षात येतं. देशात राहणाऱ्या वा येणाऱ्या सगळ्यांना एकच नियम लावा. जिथे वन्य प्राणी माणसांचा, गुरांचा, पिकांचा नाश करतात तिथे सढळ हाताने परवाने द्या. एकदा दिलेला परवाना प्रांतभर चालू द्या, दरवर्षी नव्याने मागायला लावू नका, आणि गैरवापर सिद्ध झाला तरच काढून घ्या. डिसेंबर 1891 मध्ये नागपूरला काँग्रेस भरली, तेव्हा टिळक या ठरावावर बोलायला उभे राहिले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला हेच टिळक संमतिवयाच्या विधेयकाविरुद्ध पुण्यात सभा गाजवत होते. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करायला त्यांचा विरोध होता. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं. 1895 च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू नये म्हणून झालेल्या गदारोळातही टिळकांचा पक्ष पुढे होता. ते सुधारक नव्हते, आणि त्यांना सुधारक ठरवायची मला गरज वाटत नाही. संमतिवयाच्या प्रश्नात ते चुकले, आणि त्या चुकीची किंमत लहान मुलींनी मोजली. शस्त्रकायद्याच्या प्रश्नात त्यांची बाजू मला रास्त वाटते. कातडीचा रंग पाहून परवाना मागणारा कायदा हा कायदाच नव्हे, हे त्यांनी ओळखलं होतं. दोन्ही एकाच माणसाच्या, एकाच वर्षातल्या भूमिका आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवूनच त्याच्याकडे पाहायला हवं.

1895 मध्ये टिळक मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले आणि 1897 मध्ये पुन्हा निवडून आले. पण 1892 च्या कायद्याने या सभासदांना दिलं होतं काय? प्रश्न विचारायचे, अंदाजपत्रकावर बोलायचं. अंदाजपत्रकावर मत द्यायचा अधिकारही नव्हता. शस्त्रांचा कायदा तर मध्यवर्ती सरकारचा. मुंबईच्या कौन्सिलात बसून त्यातला एक स्वल्पविरामही हलणार नव्हता. दहा वर्षं ठराव होत होते, आणि सरकार त्यांना दाद देत नव्हतं. ज्या मागणीला सनदशीर दार उघडतच नाही, तिच्याबद्दल शहरातली तापलेली पोरं काय निष्कर्ष काढतात, याचा विचार सिमल्यात कुणी केला असेल असं वाटत नाही.

तीन तास उरले

आत सोहळा, बाहेर गर्दी, टेकड्यांवर जाळ. मोरीखाली तलवारी. भाऊ वाट पाहत होते.

ज्याची वाट पाहत होते तो माणूस चार महिन्यांपूर्वी पुण्यात आला होता. मुंबईतला प्लेग 1896 च्या अखेरीस पुण्यात शिरला. फेब्रुवारी 1897 च्या शेवटापर्यंत 657 मृत्यू झाले होते आणि 1 लाख 61 हजारांच्या शहरातली निम्मी वस्ती पळून गेली होती. 4 फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा 2020 मध्ये करोनाच्या वेळी आपण पुन्हा वापरला. साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर असलेल्या रँडला पुण्यात आणून प्लेग समितीचा अध्यक्ष केलं गेलं. समितीत त्याच्याबरोबर कर्नल फिलिप्स आणि सर्जन-कॅप्टन बेव्हरिज होते.

13 मार्चपासून घरझडती सुरू झाली. मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून 893 अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. झडती कशी होई? गल्ली दोन्ही टोकांनी बंद करायची. दार वाजवायचं, उघडायला उशीर झाला तर फोडायचं. बंदूकधारी शिपाई बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात. घरातल्या बायकापुरुषांना उजेडात उभं करून काखा-जांघा तपासायच्या. संशय आला की माणूस इस्पितळात, बाकीचे सेग्रिगेशन कँपात; भांडीकुंडी, अंथरुणं, कधी देवही अंगणात आणून जाळलेले नाहीतर फेकलेले. ज्या घरातून एकोणीस वर्षांपूर्वी आजोबांची तलवार सरकारजमा झाली होती, त्या घरात आता संगीन लावलेली बंदूक येऊन फळीवरचे डबे उलटे करत होती. निःशस्त्र असणं म्हणजे काय, हे पुण्याला कायद्याच्या कलमांतून कळलं नव्हतं. ते त्या वसंतात उंबरठ्यावर कळलं.

प्लेग खोटा नव्हता आणि त्याला आवर घालणंही खोटं नव्हतं. 19 मेला झडत्या थांबल्या तोवर शहरात अंदाजे 2091 माणसं दगावली होती. टिळक शहर सोडून गेले नाहीत; हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि शहरातून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. सरकारकडे त्यांचं मागणं होतं ते पद्धत बदलण्याचं: लष्कराऐवजी इथल्या माणसांना बरोबर घ्या. समितीच्या अहवालात मात्र स्त्रियांचा मुद्दाम अपमान झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, असं समाधानाने नोंदवलं गेलं. पंडिता रमाबाईंनी प्लेग इस्पितळातल्या मुलींच्या वागणुकीबद्दल जाहीर पत्र लिहिलं. सँडहर्स्टनी ते नाकारलं. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेल्या गोखल्यांनी तिथे या अत्याचारांबद्दल बोलून दाखवलं, आणि पुरावा पुढे करता न आल्याने परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. पुरावा देणाऱ्यांनी पत्रं लिहिली होती. नाव उघड करायला कुणी तयार नव्हतं. मार खाल्लेल्या घराने आपल्या लेकीसुनेचं नाव सरकारी कागदावर येऊ दिलं नाही, यात मला नवल वाटत नाही.

दोन तास उरले

दामोदरने पुढे तुरुंगात आपलं आत्मवृत्त सांगितलं. त्यातून दिसणारा तरुण सोपा नाही. व्यायाम, पोवाडे, गोरक्षण, सुधारकांचा तीव्र तिटकारा. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालणारा तोच. आणि हाच तरुण त्याआधी सरकारी फौजेत शिपाई व्हायला धडपडला होता. त्याला घेतलं गेलं नाही.

मला या ठिकाणी फार वेळ थांबावंसं वाटतं. काँग्रेसच्या मागण्यांत शस्त्रकायद्याच्या जोडीला नेहमी दोन गोष्टी असत: हिंदी तरुणांना स्वयंसेवक पलटणीत घ्या, आणि त्यांच्यासाठी लष्करी शिक्षणाच्या शाळा काढा. म्हणजे शस्त्र मागितलं जात होतं ते जबाबदारीसकट: कवायत, शिस्त, हुकूम, हिशेब. यातलं काहीही मिळालं नाही. शस्त्राची ओढ असलेल्या एका मुलाला गणवेशाचं दार बंद, परवान्याचं दार बंद. त्याने आखाडा काढला आणि चोरवाटा शोधल्या. यातून त्याच्या हातून झालेला खून योग्य ठरत नाही. पण सरकारने शस्त्र आणि शिस्त यांची ताटातूट केली होती, हे इथे स्पष्ट दिसतं.

टिळकांचा आणि त्याचा संबंध काय, हा प्रश्न पुढे सरकारने, वर्तमानपत्रांनी आणि इतिहासकारांनी शंभर वेळा विचारला. कटात टिळकांचा हात असल्याचं सरकारला कधीच सिद्ध करता आलं नाही. खटलाही त्या आरोपावर भरला नाही. दामोदरच्या आत्मवृत्तात टिळकांबद्दल भक्ती कमी आणि तक्रार जास्त आहे. त्याच्या लेखी टिळक पुरेसे सनातनी नव्हते. कौन्सिलात बसून अर्ज-ठराव करणाऱ्या माणसाबद्दल गणेशखिंडीत उभ्या असलेल्या तरुणाला आदर असेलही, पण त्याची वाट त्याला पटलेली नव्हती.

एक तास उरला

रात्रीचे अकरा. दामोदर ठरल्याप्रमाणे गव्हर्नमेंट हाउसच्या फाटकाशी. बाळकृष्ण पुढे, पिवळ्या बंगल्याच्या बाजूला.

दहाच दिवस आधी, 12 जूनला, पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला होता. व्याख्यानांत अफझलखानाच्या वधाची चर्चा निघाली: तो खून म्हणावा की नाही? परार्थासाठी, स्वार्थ न ठेवता केलेल्या कृत्याला पाप लागतं का? टिळकांच्या केसरीत 15 जूनला या उत्सवाची हकीकत छापून आली, शेजारी शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही. त्याआधी 4 मेच्या अंकात केसरीने प्लेगच्या जुलमाचा दोष शिपायांवर न ठेवता थेट सरकारवर ठेवला होता.

हे लेखन आणि सात दिवसांनी झालेला गोळीबार यांच्यात सरकारने सरळ रेघ ओढली. ती रेघ खोटी आहे, कारण चापेकर रँडच्या मागावर होते ते कित्येक आठवडे आधीपासून. केसरीचा तो अंक निघाला तेव्हा त्यांचं ठरून गेलेलं होतं. पण तापलेल्या शहरात वधाच्या नीतीवर व्याख्यानं करणं आणि ती पहिल्या पानाच्या तोलाने छापणं, यात धोका नव्हता असं मी म्हणणार नाही. शस्त्राचा परवाना कायद्याने मागावा असं सांगणाऱ्या संपादकाच्याच कागदावर, त्याच महिन्यात, शस्त्र कधी क्षम्य ठरतं याची चर्चा छापली गेली. टिळकांच्या त्या दोन आवाजांपैकी दामोदरच्या पिढीला कुठला आधी ऐकू गेला असेल, याचं उत्तर कठीण नाही.

आणखी एक गोष्ट खटकत राहते. झडत्या 19 मेलाच बंद झाल्या होत्या. त्या थांबल्यावरही रँड महिनाभर याच शहरात, याच रस्त्यांवर दिसत होता. शहराच्या मनात काय साचलं आहे ते सरकारला कळलं असतं, तर त्याला आधीच दुसरीकडे पाठवलं असतं आणि तो वाचला असता.

मध्यरात्र

पाहुणे निघाले. गाड्या एकामागून एक फाटकातून बाहेर पडू लागल्या. दामोदरने रँडची गाडी ओळखली आणि तिच्यामागे दहा-पंधरा पावलांवरून धावू लागला. पिवळा बंगला आला. त्याने अंतर तोडलं आणि ठरलेली खूण दिली: ‘गोंद्या!’ धावत्या गाडीचा पडदा सोडवला, वर केला, आणि वीतभर अंतरावरून आत गोळी झाडली.

बेत असा होता की दोघांनी रँडवरच गोळ्या झाडायच्या, म्हणजे तो वाचण्याची शक्यता राहू नये. बाळकृष्ण मागे पडला. रँडची गाडी तशीच पुढे निघून गेली. मागच्या गाडीत लेफ्टनंट चार्ल्स एगर्टन आयर्स्ट आणि त्याची पत्नी होती. गाडीतली माणसं आपल्याबद्दलच कुजबुजताहेत असं बाळकृष्णाला वाटलं. त्याने मागून आयर्स्टच्या डोक्यात गोळी घातली. आयर्स्ट जागीच, बायकोच्या शेजारी, गेला.

आयर्स्टने कुणाच्या देवघरात पाऊल टाकलं होतं का, हे बाळकृष्णाला ठाऊक नव्हतं. एक कुजबूज, तीही ऐकू न आलेली, एवढ्यावर माणूस मेला. चापेकरांच्या धैर्याबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं आहे, आणि देशासाठी फासावर जायला निघालेल्या तरुणांचं धैर्य मीही नाकारत नाही. पण आयर्स्टच्या विधवेचं नाव आपल्या कथांत येत नाही, आणि ते मला सलतं. अंधारात, धावताना, हातात पिस्तूल असलेल्या माणसाने दोन क्षणांत घेतलेला निर्णय असाच असतो.

त्यानंतर

रँडला ससून इस्पितळात नेलं. अकरा दिवस तो झुंजला. 3 जुलैला मरण पावला.

पुण्याचे कलेक्टर लॅम्ब यांनी शहरातल्या प्रमुख नागरिकांना बोलावून दमात घेतलं. गुन्हेगाराची माहिती देणाऱ्याला 20,000 रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. जादा पोलीस आले आणि त्यांचा खर्च शहरावर बसवला गेला. केसरीत 6 जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि 13 जुलैला ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हे अग्रलेख आले. 27 जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. दुसऱ्याच दिवशी सरदार नातू बंधूंना 1827 च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटल्याविना, उचललं गेलं.

टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे सप्टेंबरमध्ये चालला. नऊ ज्यूरर. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदींनी निर्दोष. 14 सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शस्त्रकायद्याच्या नियमांत जी रेघ होती, तीच ज्यूरीच्या बाकांवर उमटली होती.

द्रविड बंधूंनी खबर दिली आणि दामोदर सापडला. 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात त्याला फाशी झाली. 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री धाकटा वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. तीही पिस्तुलं अर्थातच विनापरवाना. त्या वर्षी 8 मेला वासुदेव, 10 मेला रानडे, 12 मेला बाळकृष्ण फासावर गेले. चिंचवडच्या एका घरातले तिन्ही मुलगे संपले. कायदा तोच, तितकाच कडक, आणि वीस महिन्यांत पुण्याच्या रस्त्यांवर चार माणसं पिस्तुलाने मारली गेली होती.

शस्त्रनियमांतली गोऱ्यांची सूट 1920 च्या सुमारास काढण्यात आली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. टिळकांनी नागपुरात मांडलेली गोष्ट आता नव्या राज्यघटनेच्या दारात आली होती.

डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. कराचीच्या ठरावाची त्यांनी आठवण करून दिली. दहा महिन्यांपूर्वी पुण्याहून गेलेल्या कटवाल्यांनी दिल्लीत महात्मा गांधींना पिस्तुलाने मारलं होतं. उत्तर द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. इंग्रजांनी देशाला निःशस्त्र केलं तेव्हा या मागणीला अर्थ होता, हे त्यांनी मान्य केलं. पण हक्क म्हणून शस्त्र दिलं तर सराईत गुन्हेगाराला आणि दरोडेखोराला तरी तुम्ही ते कोणत्या तोंडाने नाकारणार, असा त्यांचा सवाल होता. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हत्यार घ्यावं, अशा देशात राज्य चालवायचं कसं? आंबेडकरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आणि टिळकांची 1891 ची मागणी त्याला छेद देत नाही, कारण त्यांनी मोकळी बंदूक मागितलीच नव्हती; त्यांनी सगळ्यांना एकच नियम आणि कारण दाखवून काढला जाईल असा परवाना मागितला होता. धायरीच्या शेतकऱ्याला डुकरांपासून पीक राखता यावं, आणि गव्हर्नमेंट हाउसमधल्या पाहुण्यालाही कागद दाखवावा लागावा, एवढंच.

कामथांची दुरुस्ती फेटाळली गेली. लिटनचा 1878 चा कायदा स्वतंत्र भारतातही आणखी काही वर्षं चालू राहिला. 1959 मध्ये संसदेने नवा शस्त्र कायदा केला, आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो अमलात आला.